वाहनाची चेसिस बदलायची आहे? कायद्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघातात वाकलेली, गंजाने पोखरलेली किंवा जादा मालाच्या ओझ्याने तडकलेली चेसिस घेऊन गाडी गॅरेजमध्ये उभी राहते. मिस्त्री म्हणतो, ‘चेसिसच बदलून टाकू.’ मालक खर्चाचा आकडा विचारतो, भाव ठरतो आणि काम सुरू होते. कागदांची आठवण बहुतेकांना काम उरकल्यावर होते, आणि तोवर जुनी चेसिस भंगारात गेलेली असते. ही प्रश्नोत्तरे भाव ठरण्याच्या आधी वाचावीत यासाठी लिहिली आहेत. यातील कायदा भारताचा आहे, म्हणजे मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. व्यवहारातील उदाहरणे मात्र मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत.

चेसिस म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नेमके काय?

ट्रक, बस, टेम्पो आणि बोलेरोसारख्या गाड्यांमध्ये दोन लांब पोलादी बीम आणि त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर मिळून शिडीसारखा सांगाडा बनतो; त्यालाच आपण चेसिस म्हणतो. बहुतेक छोट्या मोटारींमध्ये असा वेगळा सांगाडा नसतोच. तिथे बॉडी शेल हाच सांगाडा असतो आणि चेसिस क्रमांक त्याच्याच एखाद्या भागावर ठोकलेला असतो. दुचाकीत हे काम फ्रेम करते. त्यामुळे ‘माझ्या मोटारीला चेसिसच नाही, मग हा नियम मला कशाला’ हा समज चुकीचा आहे; बॉडी शेल बदलणे किंवा दुचाकीची फ्रेम बदलणे हे कायद्याच्या नजरेत चेसिस बदलणेच होय.

अधिनियमाच्या कलम २(२८) मधील ‘मोटार वाहन’ या संज्ञेची व्याख्या या संदर्भात मुद्दाम वाचावी. जिच्यावर अजून बॉडी बसवलेली नाही अशी चेसिसदेखील या व्याख्येनुसार मोटार वाहन आहे. सुट्या इंजिनाला, गिअरबॉक्सला किंवा केबिनला हा दर्जा नाही. पुढची बहुतेक उत्तरे या एका फरकातून निघतात.

चेसिस क्रमांक कुठे असतो आणि तो कसा तपासला जातो?

केंद्रीय नियमांतील नियम १२२ नुसार उत्पादकाने वाहनावर चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि उत्पादनाचा महिना कायमस्वरूपी उमटवणे बंधनकारक आहे. आजच्या पद्धतीचा क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यातील पहिली तीन अक्षरे उत्पादकाची ओळख सांगतात, आणि एक व शून्य या अंकांशी गोंधळ होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे त्यात वापरली जात नाहीत. आरसीवरील, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील, क्रमांकात ‘ओ’ दिसत असेल, तर नोंद करतानाच चूक झाली आहे असे समजून ती आधी दुरुस्त करून घ्यावी.

तपासणीची जुनी पद्धत अजूनही टिकून आहे, आणि माझ्या मते ती फार भरवशाची आहे. रॉकेलच्या बोळ्याने चेसिसवरचा चिखल आणि ग्रीस पुसायचे, क्रमांकावर पातळ कागद घट्ट धरायचा आणि त्यावरून पेन्सिल आडवी घासायची. काळ्या पट्ट्यात एकेक पांढरा अंक वर येतो. याला ‘चेसिस प्रिंट’ म्हणतात. अंकांची खोली, त्यांतले अंतर आणि ओळीचा सरळपणा या कागदावर जसा दिसतो तसा फोटोत दिसत नाही. कुठे वेल्डिंग करून अंक बुजवलेला असेल किंवा हाताने पंच मारलेला असेल, तर अनुभवी निरीक्षकाला तो प्रिंटवरच कळतो.

कायद्याने चेसिस बदलता येते का?

अधिनियमात ‘चेसिस बदलणे’ या नावाचे स्वतंत्र कलम नाही. उत्तर दोन कलमे एकत्र वाचून काढावे लागते, आणि त्यांपैकी एकच वाचल्यामुळे बरेच गैरसमज झालेले आहेत.

पहिले कलम ५२. वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा कोणताही फेरबदल मालकाने करू नये, असे ते सांगते. ‘फेरबदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेत केलेला असा बदल, की ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते, असे स्पष्टीकरणही त्याच कलमात दिलेले आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवणे यासारखे काही अपवाद कायद्यानेच मोकळे ठेवले आहेत. चेसिस बदलणे त्या अपवादांत नाही.

दुसरे कलम ५५(५). वाहनावर प्रत्यक्ष उमटवलेला चेसिस किंवा इंजिन क्रमांक आरसीतील क्रमांकापेक्षा वेगळा आहे अशी नोंदणी प्राधिकाऱ्याची, म्हणजे परिवहन कार्यालयातील (आरटीओ) अधिकाऱ्याची, खात्री झाली, तर मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन आणि कारणे लेखी नोंदवून त्याने नोंदणी रद्द करायची आहे. यातील ‘करायची आहे’ हे शब्द नीट लक्षात घ्यावेत. ‘वाटल्यास रद्द करावी’ असे कायदा म्हणत नाही. शिवाय मालकाचा हेतू चांगला होता की वाईट, असा प्रश्न हे पोटकलम विचारत नाही. ते फक्त लोखंडावरचा अंक आणि कागदावरचा अंक यांची तुलना करते.

म्हणून व्यवहारातले उत्तर असे देता येईल: त्याच मॉडेलची, त्याच मापाची, उत्पादकाने पुरवलेली चेसिस किंवा फ्रेम, नोंदणी प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घेऊन आणि क्रमांकाचा निर्णय त्याच्याकडूनच करून घेऊन बसवली, तरच ती बदलणे सुरक्षित आहे. या चौकटीतली एक बाजू जरी सुटली, तरी मालक कलम ५५(५) च्या तडाख्यात सापडतो.

इंजिन बदलणे तर सर्रास चालते. मग चेसिसलाच एवढा कडकपणा का?

कायद्याने स्वतःच दोहोंत फरक केला आहे. कलम ५२(२) नुसार किमान दहा परिवहन वाहने (माल किंवा प्रवासी वाहतुकीची व्यावसायिक वाहने) असलेल्या मालकाला, त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बदलण्याची मुभा राज्य शासन अधिसूचनेने देऊ शकते. इंजिन झिजते, बदलावे लागते, आणि मोठ्या ताफ्याच्या मालकाला प्रत्येक वेळी कार्यालयात धाडणे व्यवहार्य नाही, हे कायदे करणाऱ्यांनी मान्य केले. चेसिसला अशी सवलत कुठेही दिलेली नाही, कारण वाहनाची ओळख तिच्यावर उभी आहे. नोंदणी, कर, विमा, परवाना, बोजा, चोरीची फिर्याद हे सगळे शेवटी त्या १७ अक्षर-अंकांना बांधलेले असते.

१४ दिवसांत कळवले की चालते, असे एजंट सांगतात. हे खरे आहे का?

कलम ५२(३) मध्ये १४ दिवसांची मुदत आहे, पण ती फेरबदल झाल्यावर आरसी आणि विहित शुल्कासह कार्यालयाला कळवून नोंद करून घेण्याची मुदत आहे. जो फेरबदल कायद्याला मान्य नाही, तो १४ दिवसांच्या आत कळवला म्हणून मान्य होत नाही. चेसिसच्या बाबतीत या मुदतीवर विसंबून काम सुरू करू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालाने काय बदलले?

केरळमधून गेलेल्या प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी निकाल दिला. उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरबदल करता येणार नाही, आणि राज्याचे नियम काहीही म्हणत असले तरी ते कलम ५२ च्या अधीनच वाचावे लागतील, असे न्यायालयाने स्पष्ट केले. वाहनाचा नमुना ठरावीक कसोट्यांतून तपासूनच बाजारात येतो, या गोष्टीला त्या विवेचनात मोठे महत्त्व आहे.

त्याआधी अनेक राज्यांत फेरबदलाच्या अर्जांकडे बऱ्याच सैल नजरेने पाहिले जाई. ‘आमच्या वडिलांच्या वेळी चेसिस बदलून आरसीवर नोंद करून मिळाली होती’ हे वाक्य खरेही असेल. आजच्या अर्जाला त्याचा आधार मिळत नाही.

नव्या चेसिसवर कोणता क्रमांक येतो, जुना की नवा?

सगळ्यांत जास्त चुका याच ठिकाणी होतात, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

उत्पादक काही वेळा सुटा भाग म्हणून क्रमांक न ठोकलेली फ्रेम किंवा बॉडी शेल पुरवतो. अशा वेळी नोंदणी प्राधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने आणि त्याच्या देखरेखीखाली मूळ नोंदणीकृत क्रमांकच नव्या सांगाड्यावर उमटवला जातो आणि जुन्या सांगाड्यावरचा क्रमांक नष्ट केला जातो. आरसीतील अंक बदलत नाही, उत्पादकाचा मूळ तपशीलही बदलत नाही. कलम ५२ च्या शब्दांशी सर्वांत कमी संघर्ष होतो तो या मार्गाने, असे मला कलमाच्या वाचनावरून वाटते. मात्र क्रमांक ठोकण्याचे काम मालकाने किंवा गॅरेजने परस्पर केले, तर त्याच कृतीला बनावटगिरीचे रूप येते. हातोडा तोच, पंच तोच. आदेशाचा कागद हातात आहे की नाही एवढाच फरक उरतो.

दुसऱ्या प्रकारात नवी चेसिस स्वतःचा क्रमांक घेऊन येते. ट्रक-बसच्या बाबतीत हे नेहमीचे आहे. वर सांगितलेल्या व्याख्येनुसार ही चेसिस म्हणजे नवे मोटार वाहनच आहे. तिच्याबरोबर नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र आणि नमुना २२ मधील रस्तायोग्यता प्रमाणपत्र लागते, कर लागतो, विमा लागतो, १ एप्रिल २०२० पासून लागू असलेले भारत स्टेज-सहाचे उत्सर्जन निकष लागतात आणि नोंदणी क्रमांकही नवा मिळतो. अशा चेसिसवर जुन्या गाडीची नंबर प्लेट लावणे म्हणजे नोंदणी नसलेले वाहन दुसऱ्याच्या नावावर चालवण्यासारखे आहे.

तिसरा प्रकार भंगारातल्या दुसऱ्या गाडीच्या चेसिसचा. स्वस्त पडतो, लगेच मिळतो, आणि यातच लोक बुडतात. त्या चेसिसची स्वतःची नोंदणी असते, तिच्यावर कुणाचा तरी कर थकलेला असतो, बँकेचा बोजा असू शकतो, ती चोरीच्या फिर्यादीतली असू शकते. माझ्या ओळखीच्या एका टेम्पोमालकाने केबिनमागे तडकलेली चेसिस काढून त्याच मॉडेलची जुनी चेसिस बसवली. जुनी चेसिस त्याच संध्याकाळी क्रमांकासकट वजनावर विकली गेली. पुढच्या पासिंगला निरीक्षकाने बोळा फिरवला, प्रिंट घेतला, आणि आलेला क्रमांक भलत्याच गाडीचा निघाला. आपली मूळ चेसिस खरोखरच तडकली होती हे दाखवायला त्या माणसाकडे फोटो नव्हता, तुकडा नव्हता, पावतीही नव्हती. नोटीस आली तेव्हा त्याला खरे बोलूनही ते सिद्ध करता येईना. ही वेळ कुणावरही येऊ नये असे मनापासून वाटते, म्हणून पुढच्या उत्तरातला क्रम पाळावा.

परवानगीसाठी नेमके काय करावे?

गाडीला पाना लावण्याआधी तिचे फोटो काढावेत: संपूर्ण गाडी, नुकसान झालेला भाग, आणि चेसिस क्रमांक वाचता येईल असा जवळचा फोटो. चेसिस प्रिंटच्या दोन प्रती घेऊन ठेवाव्यात. अपघात असेल तर पोलिसांच्या पंचनाम्याची प्रत आणि विमा सर्वेक्षकाचा अहवाल मिळवावा. अधिकृत विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: चेसिस दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे असा अभिप्राय, आणि बदली येणारी चेसिस त्याच मॉडेलची, त्याच व्हीलबेसची (पुढच्या व मागच्या धुऱ्यांमधील अंतराची) आणि त्याच क्षमतेची आहे असे प्रमाणपत्र. त्यात बदली चेसिसवर क्रमांक आहे की नाही, हेही नमूद करून घ्यावे.

हे सगळे जोडून आपल्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. वाहन तपासणीसाठी हजर करण्यास सांगितले जाईल. गाडी हलण्याच्या स्थितीत नसेल तर निरीक्षकाने जागेवर येऊन पाहणी करावी अशी विनंती अर्जातच लिहावी. लेखी आदेश हातात पडेपर्यंत काम सुरू करू नये. ‘साहेबांनी होकार दिलाय’ हे वाक्य दोन वर्षांनी कुठल्याही फाइलमध्ये सापडत नाही. काम झाल्यावर जीएसटी बिल, काम करणाऱ्या गॅरेजचे पत्र आणि नवा प्रिंट घेऊन पुन्हा तपासणी करून घ्यावी आणि ‘वाहन’ या परिवहन खात्याच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीतील नोंद स्वतः पडताळावी. परिवहन वाहन असेल तर योग्यता प्रमाणपत्राचाही विचार त्याच वेळी करावा.

गाडीवर कर्ज आहे. बँकेला कळवणे गरजेचे आहे का?

होय, अर्जाच्या आधीच. कलम ५२(५) नुसार भाडेखरेदी कराराखालील वाहनात नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय फेरबदल करता येत नाही. तारणकर्जाच्या करारांतही बहुधा असेच बंधन असते. बँकेचे तारण त्याच चेसिस क्रमांकावर नोंदलेले असल्याने तिचे ना हरकत पत्र अर्जाला जोडावे.

चेसिस सरळ करणे किंवा वेल्डिंग करणे यालाही परवानगी लागते का?

वाकलेला बीम सरळ करणे, तडा गेलेल्या जागी पट्टी मारणे, गंजलेला क्रॉस मेंबर बदलणे ही दुरुस्ती आहे. मापे तीच राहिली आणि क्रमांकाला धक्का लागला नाही, तर वाहनाचे मूलभूत स्वरूप बदलत नाही. मात्र क्रमांक असलेला भागच कापावा लागत असेल, तर थांबावे आणि आधी कार्यालयात जावे.

मालासाठी जागा वाढावी म्हणून चेसिस लांब केली तर?

चालणार नाही. नियम १२६ नुसार वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यातील एआरएआय आणि सीआयआरटी तसेच अहिल्यानगर येथील व्हीआरडीई या त्यांपैकी आपल्या राज्यातील संस्था आहेत. ब्रेक, धुऱ्यांवरचे वजन, वळण्याची त्रिज्या हे सगळे एका विशिष्ट व्हीलबेसवर तपासलेले असते. मधे कापून दोन फूट वाढवलेल्या चेसिसला त्या तपासणीतले काहीच लागू राहत नाही. कायद्याचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी, घाटात भरलेली गाडी उतरवताना त्या जोडावर किती ताण येतो याचा विचार मालकाने चालकाला गाडी देण्यापूर्वी करावा.

ट्रकची जुनी बॉडी चांगली आहे. ती नव्या चेसिसवर चढवता येईल का?

नव्या चेसिसची नवी नोंदणी होणार असेल तरच हा प्रश्न उभा राहतो. त्यातही बॉडी प्रचलित मानकांत बसली पाहिजे. बससाठी एआयएस-०५२ आणि ट्रकसाठी एआयएस-०९३ ही मानके आहेत, आणि बॉडी बांधणाऱ्याला नमुना २२-अ मधील प्रमाणपत्र द्यावे लागते. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची लाकडी फळ्यांची बॉडी या चाळणीतून सहसा पार होत नाही. नव्या चेसिसची ऑर्डर देण्यापूर्वी बॉडी बिल्डरकडून याची लेखी खात्री करून घ्यावी.

उसाच्या ट्रॅक्टरमागील ट्रेलरलाही हे लागू आहे का?

आहे. ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरही येतो. गळीत हंगामापूर्वी गावच्या वर्कशॉपमध्ये दोन जुन्या ट्रेलरांचा मिळून एक करण्याची पद्धत पश्चिम महाराष्ट्रात अनेकांनी पाहिली असेल. तसा ट्रेलर अपघातात सापडला तर विम्याच्या दाव्यात पहिला प्रश्न त्याच्या चेसिस क्रमांकाचा येतो.

नवी चेसिस टाकल्यावर गाडीचे वय नव्याने मोजले जाते का?

नाही. खासगी वाहनाच्या नोंदणीची १५ वर्षांची मुदत मूळ नोंदणीपासूनच मोजली जाते.

विमा कंपनी चेसिस बदलण्याचा खर्च देते का?

सर्वसमावेशक पॉलिसी असेल आणि नुकसान अपघाताचे असेल तर देते, घसारा वजा करून. झिरो डेप (घसारा न कापण्याचे) संरक्षण नसेल तर धातूच्या भागांवरील घसारा वाहनाच्या वयाप्रमाणे वाढत जातो: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहा वर्षांवरील गाडीला ५० टक्के. सात वर्षांच्या गाडीच्या चेसिसची किंमत ३ लाख रुपये असेल, तर तिच्यापोटी १ लाख ८० हजार रुपये धरले जातील आणि त्यातून अनिवार्य वजावट होईल. गंज आणि झीज यांची भरपाई मिळत नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. दुरुस्तीचा एकूण खर्च विमा घोषित मूल्याच्या (पॉलिसीत ठरवलेल्या गाडीच्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या) ७५ टक्क्यांहून जास्त होत असेल, तर वाहन ‘टोटल लॉस’ धरले जाते. घोषित मूल्य ८ लाख असलेल्या गाडीला ही रेषा ६ लाखांवर येते, आणि चेसिस बदलायची म्हणजे गाडीचा प्रत्येक भाग उतरवून पुन्हा चढवायचा असल्याने जुन्या गाड्या ती रेषा सहज ओलांडतात. अशा वेळी दाव्याची रक्कम घेऊन आरसी रद्द करून घेणे हाच मला शहाणपणाचा मार्ग वाटतो. कलम ५५(१) नुसार कायमचे निकामी झालेले वाहन १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. हे न करता अवशेष आरसीसकट विकले, तर तीच आरसी आणि तोच क्रमांक चोरीच्या गाडीला चिकटवला जाण्याची वाट मोकळी होते, आणि कागदोपत्री मालक मात्र आपणच राहतो.

चेसिस बदलल्यानंतर पॉलिसीतील तपशील जुळतो आहे ना, हे कंपनीला लेखी कळवून पाहावे. पॉलिसीवर चेसिस क्रमांक छापलेला असतो, आणि तो रस्त्यावरच्या गाडीशी जुळत नसेल तर वाद ओढवणारच.

परवानगीशिवाय चेसिस बदलली तर शिक्षा काय?

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १८२-अ(४) नुसार अमान्य फेरबदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. उत्पादक, आयातदार किंवा विक्रेत्याने असा प्रकार केला तर त्याच कलमात एक वर्षापर्यंत कारावास किंवा प्रत्येक वाहनामागे १ लाख रुपये दंड आहे. कलम ५५ खाली नोंदणी रद्द झाल्यावरही गाडी रस्त्यावर आणली, तर नोंदणीशिवाय वाहन चालवल्याबद्दल कलम १९२ लागते आणि कलम २०७ नुसार गाडी ताब्यात घेतली जाऊ शकते.

क्रमांक खोडणे, बदलणे किंवा दुसऱ्या गाडीचा ठोकणे हा प्रकार याहून फार पुढचा आहे. तिथे भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम ३१८, बनावटीकरणाचे ३३६, बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरण्याचे ३४० आणि चोरीच्या मालमत्तेसंबंधीचे ३१७ ही कलमे पुढे येतात, आणि पाच हजारांचा दंड भरून विषय संपत नाही.

समुद्रकाठच्या हवेने चेसिस क्रमांकच गंजून गेला आहे. आता?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या पट्ट्यात हा प्रश्न नेहमीचा आहे, विशेषतः दुचाकींना. घाबरण्याचे कारण नाही, पण स्वतः पंच मारू नये. उत्पादकाकडून मूळ क्रमांकाची पुष्टी करणारे पत्र घेऊन नोंदणी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि पुन्हा ठोकण्याचे काम त्याच्या आदेशानेच करून घ्यावे. क्रमांकाच्या जागेवर वर्षातून एकदा पावसाळ्याआधी ग्रीसचा पातळ हात फिरवला तर ही वेळ लांबते.

जुनी गाडी विकत घेताना चेसिस बदलली आहे का हे कसे ओळखावे?

क्रमांकाच्या आजूबाजूचा पत्रा पाहावा. बाकी चेसिस धुळीने काळवंडलेली आणि तेवढीच जागा ताज्या रंगाची असेल, क्रमांकाच्या चौकटीभोवती वेल्डिंगची बारीक कड लागत असेल, ग्राइंडरचे ओरखडे दिसत असतील किंवा एखादा अंक इतरांपेक्षा खोल असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. नंतर आरसी, विमा आणि काचेवरील स्टिकर यांवरचे क्रमांक जुळवून पाहावेत. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांच्या या स्टिकरवर चेसिस आणि इंजिन क्रमांक असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेवर चेसिस क्रमांक टाकून तो चोरीच्या नोंदीत आहे का, हेही तपासता येते. एवढे सगळे करायला अर्धा तास पुरतो.

व्हिंटेज गाडीला नवी चेसिस बसवली तर तिचा दर्जा राहतो का?

राहत नाही. २०२१ मध्ये आलेल्या नियम ८१-अ ते ८१-जी नुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते, पण ती मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. आजोबांची जीप पुन्हा उभी करणाऱ्यांनी म्हणूनच चेसिस दुरुस्त करण्यावर कष्ट घ्यावेत, बदलण्याचा मोह आवरावा.

नव्या गाडीच्या चेसिसमध्येच मूळ दोष निघाला तर?

तेव्हा चेसिस बदलून घेण्यापेक्षा गाडी बदलून मागावी. क्रमांकाचा सगळा गुंता त्यामुळे टळतो. दोष एका प्रकारच्या अनेक गाड्यांत असेल, तर कलम ११०-अ खाली केंद्र शासन वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते, आणि त्यात दुरुस्ती, बदली वाहन किंवा किमतीची भरपाई हे मार्ग आहेत. एकट्या ग्राहकाला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगापुढे जाते.

नोंदणी प्राधिकाऱ्याने अर्ज नाकारला किंवा आरसी रद्द केली तर पुढे काय?

कलम ५७ नुसार आदेशाची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत विहित प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. कलम ५२ आणि ५५ खालचे आदेश त्यात येतात. नोटिशीला उत्तर देण्याची पहिली संधी मात्र दवडू नये. फोटो, प्रिंट, पंचनामा, विक्रेत्याचे पत्र ही कागदपत्रे त्याच टप्प्यावर दाखल झाली तर अपिलातही कामी येतात. नकार आल्यावर अधिकृत स्क्रॅपिंग केंद्राचाही विचार करावा. तिथे गाडी दिल्यावर ठेव प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या वाहनाच्या करात सवलत देता येते. केंद्रीय नियमांनी तिची कमाल मर्यादा खासगी वाहनांना २५ टक्के आणि परिवहन वाहनांना १५ टक्के ठेवली आहे.

परवानगी मिळून चेसिस बदलली. काढलेल्या जुन्या चेसिसचे काय करायचे?

ती जशीच्या तशी भंगारवाल्याला देऊ नये. नोंदणी प्राधिकाऱ्याच्या आदेशात तिच्याविषयी काय लिहिले आहे ते पाहावे, आणि काही लिहिलेले नसेल तर विचारून लेखी घ्यावे. क्रमांक असलेला तुकडा गॅस कटरने कापून, कापण्याआधीचा आणि नंतरचा फोटो काढून, तो कार्यालयात जमा करावा आणि पोच घ्यावी. उरलेले लोखंड विकताना पावतीवर चेसिस क्रमांक आणि ‘क्रमांकाचा भाग कापून काढलेला आहे’ हे वाक्य लिहून घ्यावे. ही पोच आणि ही पावती आरसीबरोबर, गाडी आपल्याकडे आहे तोवर आणि विकल्यानंतरही, जपून ठेवावी.